एका सालाची जमीन, पिढ्यांची वस्ती

स्कॉटलंडच्या बेटांवर ‘क्रॉफ्ट’ म्हणून एक प्रकार असतो. लहानसं शेत आणि तिथेच घर. जमीन मालकाची, कसणारा कुळ, तोही बहुधा वर्षाच्या बोलीवर. मालकाने ऊठ म्हटलं की उठायचं. १८८६ च्या कायद्याने या कुळांना कायमपणा दिला, हक्क वारसाकडे जाऊ लागला.

हे फार लांबचं वाटतं ना? मग आपल्या खर्डीभोवतीचे पाडे आठवा. ठाणे जिल्ह्यात जंगलजमिनीचे ‘एकसाली’ प्लॉट असत. नावातच सगळं आलं : पट्टा एका सालाचा. ठाकूर, कातकरी, वारली कुटुंबं डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरई घेत राहिली, सातबाऱ्यावर मात्र त्यांचं नाव चढलं नाही.

आता प्रश्न असा, की माणूस इथे राहत होता हे ठरवायचं कशावरून? कागद नाही, म्हणजे माणूस नव्हता, असं अनुमान आपण सहज करतो. ते चूक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांनी घर, झोपडी, बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान हेही पुरावे मानले. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा चालतो. मात्र एकाहून अधिक पुरावे लागतात, आणि शेतजमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा.

म्हणून सांगतो, पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारा, लिहून ठेवा. बांध अजून काही वर्षं दिसेल. तो कोणी घातला, हे सांगणारा तेवढा थांबणार नाही.