पैशाचा खेळ, पण बिनपैशाचा



आपल्या गटाचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. पण घरातली अठरा-वीस वर्षांची मुलं-मुली पहिला पगार आला की गडबडतात. पगार खात्यावर येतो आणि फोनवरूनच जातो. नोट हातातून सुटताना मनाला जी टोचणी लागते, ती लागतच नाही. त्यात पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲपही त्याच फोनवर. उपदेश केला तर मुलं ऐकत नाहीत. म्हणून आम्ही त्यांच्यासाठी मोबाईलवरचा एक खेळ तयार करायला घेतला आहे. असा खेळ कसा असावा, ते आज सांगतो.

खेळातून शिकवणं आपल्याला नवं नाही. सापशिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. त्यात शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा. पण तिथे सगळं पडलेल्या दानावर. पैशाच्या बाबतीत ताप येणं, फोन फुटणं हे दानासारखं अचानक येतं. त्यानंतर कुणाकडून उसने घ्यायचे, हे मात्र आपण ठरवतो. आमचा खेळ या ठरवण्याचा आहे.

एक डाव म्हणजे एक महिना. दर डावाला १०,००० रुपये खोटा पगार मिळतो. त्यात खोलीभाडं, खानावळ, एसटीचा पास, घरी पाठवायचे पैसे आणि शिल्लक बसवायची. मध्येच फोन फुटतो. नव्या फोनसाठी १२,००० रुपये कर्ज हवं. दोन जण द्यायला तयार. दोघंही म्हणतात, वर्षाला १२ टक्के, बारा हप्ते. एक जण फ्लॅट रेट लावतो, म्हणजे वर्षभर पूर्ण रकमेवर व्याज. ते होतं १,४४० रुपये. दुसरा उरलेल्या मुद्दलावरच व्याज घेतो. दरमहा १,००० मुद्दल फिटत गेलं, तर त्याचं व्याज होतं ७८० रुपये. टक्के तेच, पण ६६० रुपयांचा फरक! हे फळ्यावर शिकवलं तर विसरतं. खेळात स्वतःच्या पाकिटातून गेलं, की लक्षात राहतं.

पुढच्या डावात कर्जाचं ॲप विचारतं, “तुमच्या फोनमधले नंबर पाहू का?” ‘हो’ दाबलं, तर हप्ता चुकताच सगळ्या नातेवाइकांना फोन जातात. तेव्हा खेळ सांगतो, की कर्जाच्या ॲपने फोनमधले नंबर घ्यायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कधी कुणी म्हणतं, “पैसे पाठवतो, पिन टाका.” पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तिथे कळतं. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करायचा. आणि एका डावात घरातलंच माणूस म्हणतं, “तुझं एटीएम कार्ड माझ्याकडे राहू दे.” नाव आपलं, कष्ट आपले, मग पिन कुणाकडे? हा प्रश्न मुलींनी आधी खेळात सोडवलेला बरा.

आता गुण कशाला द्यायचे? रोज ॲप उघडलं म्हणून नाणी वाटायची नाहीत. तो चटक लावायचा धंदा झाला. सगळ्यात जास्त शिल्लक कुणाची, अशी यादीही लावायची नाही. घरी पैसे पाठवणारी मुलगी त्या यादीत कायम खाली राहील, आणि तिचं तर काहीच चुकलेलं नसतं. गुण द्यायचे ते सही करण्याआधी एकूण परतफेड विचारली म्हणून, अडचणीसाठी थोडं बाजूला ठेवलं म्हणून. खेळात खरा पैसा नको, कर्जाची जाहिरात नको. खेळ बोलका हवा, रेंज नसताना चालणारा हवा. आणि हरलं, तर पुन्हा पहिल्या महिन्यापासून खेळता यायला हवं. इथे हरलेलं फुकट असतं, बाहेर त्याचे हप्ते पडतात.

ॲपची वाट बघायचीही गरज नाही. पुढच्या बैठकीला मुला-मुलींना बोलवा. पैशांऐवजी चिंचोके वाटा, खर्चाच्या आणि संकटांच्या चिठ्ठ्या करा, बारा डाव खेळा. प्रत्येक डावानंतर एकच विचारा: “असं का ठरवलंस?” उत्तर ऐकून घ्या, लगेच शिकवायला जाऊ नका. कुठल्या चिठ्ठीला सगळे अडले, ते लिहून ठेवा. आमच्या खेळात आधी तीच चिठ्ठी घालावी लागेल.