सर्पगंधेचे मूळ : औषध आणि मात्रा

वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. कोकणातून व घाटावरून आलेले अनेक गिरणी कामगार तेथे स्थायिक झाले. परंतु गावाशी असलेला त्यांचा संबंध तुटला नाही. चाळीतील आप्तास रक्तदाबावर म्हणून गावाहून सर्पगंधेचे मूळ पाठविण्याचे कोणाच्या मनात आल्यास, त्या मुळात काय आहे हे त्याने प्रथम जाणून घेणे इष्ट होय.

वरळीपासून जवळच परळ येथे के. ई. एम. रुग्णालय आहे. तेथील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर या मुळाचा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष १९४९ साली प्रसिद्ध केले. त्यामुळे या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९५७ साली त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले.

मुळातील गुणकारी द्रव्यांस अल्कलॉइड म्हणतात. ही नत्रयुक्त द्रव्ये आम्लाशी संयोग पावून क्षार बनतात. द्रावणात अल्कली मिसळताच ती पुन्हा वेगळी होतात. याच गुणधर्माच्या आधारे ती मुळातून काढता येतात. १९३१ साली सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी दिल्ली येथे अजमलीन वेगळे केले व त्यास हकीम अजमलखान यांचे नाव दिले. हे द्रव्य हृदयाच्या स्नायूंतील विद्युत्‌संदेशाची गती मंद करते. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पिन मिळाले. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ३३, हायड्रोजनचे ४०, नायट्रोजनचे २ व ऑक्सिजनचे ९ अणू असतात. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरअ‍ॅड्रेनलीन ते रिते करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात, नाडी मंदावते व रक्तदाब उतरतो.

परंतु तेच द्रव्य मेंदूवरही परिणाम करते. मात्रा वाढल्यास मन खिन्न होते व रक्तदाब फाजील उतरतो. प्रत्येक मुळात द्रव्याचे प्रमाण सारखे नसते. म्हणून चिमूटभर चूर्णात औषध किती गेले हे घरी कळत नाही. आज डॉक्टर बहुधा अन्य औषधे देतात. ती बंद करून मूळ घेणे धोक्याचे आहे.

मूळ उपटले की झाड मरते. रानातील सर्पगंधा याच कारणाने दुर्मिळ झाली आहे. ज्यांस हे पीक घ्यावयाचे असेल त्यांनी लागवडच करावी. सुमारे १८ महिन्यांनी, हिवाळ्यात पाने गळाल्यावर मुळे खणावीत. अल्कलॉइडे मुख्यत्वे सालीत असल्याने साल खरचटू देऊ नये. ग्रामसेवकांनी ही माहिती शेतकऱ्यांस अवश्य द्यावी.