थोरल्याची गादी, धाकट्याचा चांदा

बँकेत मृत खातेदाराचं प्रकरण टेबलावर आलं, की मी आधी फॉर्म पाहत नसे. समोर बसलेल्यांचे चेहरे पाहत असे. तीन भाऊ आले आणि तिघं तीन खुर्च्यांवर अंतर ठेवून बसले, की समजावं, काम लांबणार. एकदा असाच एक शेतकऱ्याचा थोरला मुलगा बापाचं पासबुक माझ्यापुढे ठेवून म्हणाला, “साहेब, बाबानं माझं नाव लावून ठेवलं होतं. आता पैसा माझाच ना?” मी त्याला समजावलं, की नाव लावलेल्या माणसाच्या हाती बँक पैसे देते, पण ते त्यानं साऱ्या वारसांसाठी स्वीकारायचे असतात, तेवढ्यानं तो मालक होत नाही. त्याला ते पटलं नाही. मागे उभ्या असलेल्या धाकट्याला मात्र ताबडतोब पटलं!

अशी प्रकरणं मी नोकरीत शेकड्यांनी पाहिली. दुसऱ्यांना कायदा सांगण्यात मी तरबेज होतो. आमच्या घरी मात्र काय झालं?

आमचे वडील वरोऱ्यात शिक्षक होते. गावाबाहेर अकरा एकर शेती आणि तिच्या उत्तर टोकाला एक विहीर. मृत्युपत्राचा विषय काढला, की ते म्हणत, “पोरं शिकलेली आहेत, पाहून घेतील.” ते गेले आणि आम्ही दोघा भावांनी ‘पाहून घेतलं’. बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही केली. तिला काय हवं, हे आम्ही विचारलंसुद्धा नाही. विहिरीकडची बाजू मी थोरला म्हणून माझ्याकडे आली. धाकट्याच्या वाट्याला कोरडवाहू जमीन गेली. वर्षभरात त्यानं ती विकली आणि तो चंद्रपूरला राहायला गेला. आमच्याकडची जुनी माणसं चंद्रपूरला अजून चांदाच म्हणतात. तेव्हा भाऊ चांद्याला गेला आणि आमचं बोलणं बंद झालं. चौदा वर्षं.

पुढे एका कादंबरीच्या निमित्तानं मी नागपूरकर भोसल्यांचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता एका ठिकाणी थांबलो. भोसल्यांच्या घरातही चांदा हा धाकट्याचाच वाटा होता!

चांद्याचं राज्य मूळचं गोंड राजांचं. वारसाचा प्रश्न त्यांनाही चुकला नव्हता. राजा बीरशहाचा खून झाला, पोटी मुलगा नाही. तेव्हा राणी हिराईनं रामशहाला दत्तक घेतलं, त्याच्या लहानपणी राज्य सांभाळलं आणि नवऱ्याची देखणी समाधी बांधली. अंचलेश्वर दरवाजाजवळची ती समाधी आजही पाहायला मिळते. हिराईनं वेळेवर वारस ठरवला आणि राज्य टिकलं. पुढे १७५१ साली रघुजी भोसल्यांनी चांदा नागपूरच्या राज्याला जोडलं.

हे पहिले रघुजी मोठे पराक्रमी. त्यांनी बंगालपर्यंत घोडी नेली, ओरिसा मिळवला. पण १७५५ साली ते वारले तेव्हा मागे चार मुलगे होते आणि गादीवर कोण बसणार याचा निकाल नव्हता. जानोजी वयानं मोठा, पण धाकट्या राणीचा. मुधोजी वयानं लहान, पण थोरल्या राणीचा. आता थोरला कोणाला म्हणायचं? जन्मतारखेनं पाहिलं तर एक, आईच्या मानानं पाहिलं तर दुसरा. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि भांडण चिघळायला एवढं पुरतं.

वाद पुण्याला पेशव्यांकडे गेला. जानोजीला ‘सेनासाहेब सुभा’ हे पद आणि नागपूरची गादी मिळाली. मुधोजीला ‘सेनाधुरंधर’ असा भारदस्त किताब आणि चांदा मिळाला. बिंबाजी छत्तीसगडला गेला, साबाजी वऱ्हाडात दारव्ह्याला. कागदावर वाटणी झाली. मनातली व्हायची राहिली.

जानोजीला मूल नव्हतं. मुधोजीचा मुलगा रघुजी याला वारस करावं असं त्यानं ठरवलं होतं आणि पेशव्यांची मान्यताही घेतली होती. वरवर पाहता, शहाणपणाची व्यवस्था. पण १७७२ साली जानोजी वारला आणि मुधोजी मुलाला घेऊन नागपूरला पोचण्याआधी साबाजीनं कारभार हाती घेतला. जानोजीची विधवा दर्याबाई साबाजीच्या बाजूनं उभी राहिली. दाद मागायची तर पुण्याकडे. पण पुण्यातच १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पेशवाईचा खरा धनी कोण, यावरून तिथलंच घर दुभंगलं. तिथले कारभारी बदलले, की इकडचा पाठिंबाही बदले.

शेवट झाला २६ जानेवारी १७७५ रोजी, नागपूरच्या दक्षिणेला पाचगावच्या रणात. सांगतात ते असं, की मुधोजी शत्रूच्या गराड्यात सापडला. विजय हाती आला असं समजून साबाजीनं आपला हत्ती पुढे घातला आणि भावाला शरण ये म्हणून सांगितलं. मुधोजीनं पिस्तूल झाडलं. साबाजी जागीच गेला आणि हरत आलेली लढाई मुधोजीनं जिंकली. त्याचा मुलगा दुसरा रघुजी म्हणून गादीवर राहिला आणि मुधोजीनं १७८८ पर्यंत, मरेपर्यंत, त्याच्या नावानं राज्य चालवलं.

हा रघुजी १८१६ साली वारला. त्याचा मुलगा परसोजी आंधळा आणि पांगळा; गादी त्याची, कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबाकडे. आप्पासाहेब हा व्यंकोजीचा, म्हणजे रघुजीच्या धाकट्या भावाचा मुलगा, आणि व्यंकोजीच्या वाट्यालाही चांदाच आला होता. आपली बाजू बळकट करण्यासाठी आप्पासाहेबानं इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १८१७ च्या जानेवारीत तो काही कामाचं निमित्त करून चांद्याला निघून गेला आणि १ फेब्रुवारीला परसोजी बिछान्यात मेलेला आढळला. तो खून होता आणि कोणाच्या इशाऱ्यानं झाला, हे पुढे उघड झालं. गादी आप्पासाहेबाला मिळाली. वर्षाच्या आतच तो इंग्रजांशी सीताबर्डीला लढून हरला, राज्य गमावून रानोमाळ फिरला आणि १८४० साली दूर जोधपूरला वारला.

हे वाचताना आपल्याच लोकांना बोल लावायचा मोह होतो. भाऊबंदकी हा मराठी माणसाचा शाप, असं आपण उठता-बसता म्हणतो. माझाही तसाच समज होता. मग नॉर्वेच्या मध्ययुगीन राजांचा इतिहास हाती आला आणि तो समज गेला.

त्या बर्फाच्या देशात तेव्हा चाल अशी होती, की राजाचा कोणताही मुलगा, लग्नाचा असो वा बिनलग्नाचा, गादीवर हक्क सांगू शकतो. ११३० साली सिगुर्ड राजा वारला. त्याचा मुलगा मॅग्नस होता. शिवाय आयर्लंडकडून आलेला हाराल्ड गिले नावाचा एक जण होता. तो सिगुर्डला आपला सावत्र भाऊ म्हणवत असे आणि त्यासाठी तापलेल्या लोखंडावरून चालण्याचं दिव्यही त्यानं केलं होतं. दोघं एकदमच राजे झाले. पाच वर्षांत हाराल्डनं मॅग्नसचे डोळे काढून त्याला मठात टाकलं. पुढच्याच वर्षी, मीही राजपुत्र, असं म्हणणाऱ्या तिसऱ्यानं हाराल्डला मारलं. ही यादवी थांबत थांबत ११० वर्षं चालली, १२४० पर्यंत. शेजारच्या डेन्मार्कात ११५७ साली तीन राजांनी राज्य वाटून घेतलं आणि समेटाच्या मेजवानीतच एकानं दुसऱ्याला मारवलं. तिसरा जखमी होऊन निसटला आणि अडीच महिन्यांत त्यानं पहिल्याचा निकाल लावला.

नॉर्वेच्या याच इतिहासात एक बाई भेटली आणि मनात राहिली. तिचं नाव इंगा. तिचा लहानगा हाकोन राजाचा मुलगा होता. १२०६ च्या हिवाळ्यात शत्रू मागावर असताना दोन शिपायांनी त्याला छातीशी धरून बर्फाचे डोंगर ओलांडले. तो वाचला, वाढला, राजाही झाला. तरी लोकांची शंका जाईना. तेव्हा १२१८ साली या आईनं भर लोकांत तापलेलं लोखंड हातात धरून सिद्ध केलं, की हा मुलगा राजाचाच. कागद कोणी केला नव्हता. हात आईचा पोळला. पुढे त्याच हाकोनच्या राज्यात, १२६० साली कायदा झाला, की गादी राजाच्या लग्नाच्या थोरल्या मुलाची.

आमच्याकडे मात्र तो निकाल परक्यांनी लावला. आप्पासाहेबानंतर इंग्रजांनी गादीवर बसवलेले तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. हयातीत त्यांनी दत्तक घेतला नव्हता. त्यांच्यामागे राण्यांनी वारस पुढे केला, वृद्ध बांकाबाईंनी परोपरीनं सांगून पाहिलं. पण डलहौसीनं ऐकलं नाही आणि १८५४ साली राज्य खालसा झालं. हत्ती, घोडे, बैल लिलावात कवडीमोलानं गेले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झालं. चांदा ज्याच्या वाट्याचा, तो धाकटा उरला नाही. आणि गादी ज्याची, तो थोरलाही नाही.

ते पान वाचून झालं त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या विहिरीवर ना पिस्तूल झडलं, ना कोणाचे डोळे गेले. पण आईच्या वर्षश्राद्धाला धाकटा आला, पान वाढेपर्यंत थांबला आणि न जेवता निघून गेला, तेव्हा मी त्याला अडवलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत मी सकाळची एसटी धरली. भद्रावती मागे पडली तेव्हा एकदा वाटलं, उतरून परत जावं. गेलो नाही. त्याच्या बैठकीत आम्ही बराच वेळ पावसापाण्याचं बोललो. मग मी म्हणालो, “विहीर तुझ्याकडे द्यायला हवी होती. निदान पाण्याचा हिस्सा.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, “दादा, पाण्याचं नव्हतं. तुम्ही विहीर ठेवून घेतली असती तरी चाललं असतं. मले विचारलंच नाही ना तुम्ही.”

यावर कायदा काय सांगणार? मी त्या दिवशी त्याच्या घरी जेवलो.

परत आल्यावर मी माझं मृत्युपत्र लिहिलं. आधी मुलगा आणि मुलगी दोघांना समोर बसवलं, मग कागद पुढे घेतला. मुलीनं दोन गोष्टी बदलायला लावल्या, मुलानं एक. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेव खात्याला चार जणांपर्यंत नावं लावता येतात. तीही लावून आलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “काका, एवढी घाई कशाला?”

मी म्हटलं, “घाई कसली, बाई? आमच्या घरी चौदा वर्षं उशीर झालेला आहे.”