विश्लेषण : साठवलेल्या मातीवर बुरशी आली, माती फेकावी की वापरावी?

गणेशोत्सवाआधीचे दोन महिने गणपतीच्या कारखान्यांत सर्वाधिक घाईचे असतात आणि कोकण पट्ट्यात हवाही तेव्हाच सर्वाधिक दमट असते. भिवंडी, कल्याण, ठाणे परिसरात भिजवून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या मातीच्या गोळ्यांवर या दिवसांत काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात. पिशवी उघडली की कुबट वास येतो. माती ‘खराब झाली’ असा समज होतो आणि ती टाकून दिली जाते. मात्र अशी माती बहुतेक वेळा खराब झालेली नसते, उलट घडवायला ती अधिक चांगली झालेली असू शकते. काळजी घ्यायची ती दोन गोष्टींची : कारागिराचे आरोग्य आणि मूर्तीचे वाळणे.

हा प्रश्न आता महत्त्वाचा का?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाबाबत सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या (पीओपी) मूर्तींना मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवण्यास मुभा दिली. मात्र नैसर्गिक जलस्रोतांत त्यांच्या विसर्जनाला परवानगी दिली नाही. या घडामोडींमुळे शाडूची चर्चा वाढली. महाराष्ट्रात वापरली जाणारी शाडू माती मोठ्या प्रमाणावर गुजरातमधील भावनगर भागातून येते. म्हणजे तिच्या किमतीत वाहतुकीचा खर्चही असतो. पीओपी एकदा घट्ट झाले की पुन्हा कालवून वापरता येत नाही. शाडू मात्र वाळली तरी पाण्यात विरघळते आणि पुन्हा मळता येते. त्यामुळे उरलेली माती पुढच्या हंगामापर्यंत नीट ठेवता आली, तर तो थेट पैशांचा फायदा आहे.

बुरशी येते कुठून?

माती म्हणजे खनिजांचा बारीक चुरा आणि नुसत्या खनिजावर बुरशी जगत नाही. तिला सेंद्रिय अन्न लागते. ते मातीतील कुजलेल्या पाल्यामुळांतून, भिजवण्यासाठी वापरलेल्या पाण्यातून किंवा मुद्दाम मिसळलेल्या पदार्थांतून मिळते. मूर्तिकार शाडूत कागदाचा लगदा, काथ्या किंवा कापूस घालतात. कुंभार मातीत घोड्याची लीद आणि राख मिसळतात. लीद, लगदा आणि काथ्या हे बुरशीचे आयते खाद्य ठरते. तिचे बीजाणू हवेत सतत असतातच. ओलावा, २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि कोंदट हवा मिळाली की ते रुजतात. भिवंडीच्या पावसाळ्यात या तिन्ही गोष्टी असतात.

बुरशीला ऑक्सिजनही लागतो. म्हणून ती गोळ्याच्या पृष्ठभागावर, पिशवीच्या घड्यांत किंवा भेगांत दिसते. आत खोलवर वेगळीच प्रक्रिया सुरू असते.

माती ‘मुरते’ म्हणजे काय होते?

चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान आणि चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. ते एकमेकांवरून सरकतात, पण तुटत नाहीत. मातीला हवा तसा आकार देता येतो तो यामुळेच. मात्र त्यासाठी प्रत्येक पापुद्र्याभोवती पाण्याचा पातळ थर बसावा लागतो. नुकत्याच भिजवलेल्या मातीत काही कण आतून कोरडेच राहतात. अशी माती वाकवली की कडेला चिरते. काही दिवस, काही आठवडे ठेवली की पाणी सगळीकडे झिरपते.

दुसरा वाटा जिवाणूंचा. ते सेंद्रिय पदार्थ खाऊन आम्ले आणि बुळबुळीत, चिकट द्रव्ये तयार करतात. त्यामुळे माती अधिक लवचीक होते. नव्या मातीत जुन्या मातीचा गोळा मिसळण्याची कुंभारांची रीत याच तत्त्वावर चालते. दुधाला विरजण लावण्यासारखाच हा प्रकार आहे. चीनमधील पोर्सिलेनचे कारागीर पुढच्या पिढीसाठी माती मुरत घालत, असे सांगितले जाते. एवढी वाट पाहण्याची गरज मात्र नाही. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांतच होतो.

काळा रंग आणि सडक्या अंड्यासारखा वास कशाचा?

गोळ्याच्या आत हवा पोहोचत नाही. तिथे ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. मातीतील सल्फेटपासून ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास याच वायूचा. हा वायू मातीतील लोहाशी संयोग पावला की काळे डाग पडतात. म्हणून लोह जास्त असलेल्या लाल मातीत ते अधिक दिसतात. अशी माती मळून हवेत ठेवली की काळेपणा ओसरतो आणि वासही कमी होतो. लगदा घातलेली माती मात्र लवकर सडते. लगद्याचे तंतू कुजले की मातीला मिळणारा आधारही जातो. त्यामुळे लगदा लागेल तेवढ्याच मातीत आणि काम सुरू करतानाच मिसळावा.

पांढरा थर म्हणजे बुरशीच का?

नेहमीच नाही. माती वाळताना पाण्याबरोबर त्यातील क्षार वर येतात आणि पांढरी पूड जमते. ओळखण्याची सोपी पद्धत आहे. बुरशी कापसासारखी लुसलुशीत असते आणि दिवसागणिक पसरते. क्षारांचा थर कोरडा व खरखरीत असतो आणि त्यातील बराचसा पाण्याचा थेंब टाकताच विरघळतो. मूर्तीवर क्षार आले तर रंगाचे पापुद्रे सुटतात. तेव्हा उपाय बुरशीवर नव्हे, तर पाण्यावर शोधावा लागतो. खाऱ्या बोअरवेलऐवजी गोडे पाणी वापरावे.

पणती आणि मूर्ती यांत फरक काय?

माठ, पणती, कुंडी भट्टीत भाजली जाते. काहीशे अंश तापमानाला बुरशी आणि सेंद्रिय पदार्थ जळून जातात. त्यामुळे बुरशी आलेली माती मळून वापरली तरी भाजलेल्या भांड्यात तिचा अंशही उरत नाही.

शाडूची मूर्ती मात्र भाजली जात नाही. ती वाळवून थेट रंगवतात. आत ओल राहिली तर बुरशी रंगाखाली पुन्हा वाढू शकते आणि डाग उमटतात. पावसाळ्यात मूर्ती वरून कोरडी दिसते, पण जाड पाटाचा किंवा पोटाचा भाग ओला असतो. हात लावल्यावर तो गार लागला, तर ओल आहे असे समजावे. बुरशी आलेली माती मूर्तीसाठी वापरायची असल्यास वरचा बुरशीचा थर खरवडून काढावा. मूर्ती पंख्याच्या वाऱ्यावर पूर्ण वाळवल्याशिवाय रंगाला हात घालू नये.

आरोग्याला धोका किती?

निरोगी माणसाला अशा मातीचा सहसा त्रास होत नाही. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना बीजाणूंमुळे खोकला, शिंका, धाप लागू शकते. त्यांनी मास्क लावावा आणि पिशवी मोकळ्या हवेत उघडावी. हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत. उंदीर-घुशींचा वावर असलेल्या उघड्या चिखलात लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. म्हणून टाकी झाकलेली हवी.

बुरशीपेक्षा मोठा धोका कोरड्या धुळीचा आहे. चिकणमातीत सिलिका असते आणि तिची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर फुप्फुसांचा सिलिकोसिस होऊ शकतो. या आजारावर पूर्ण इलाज नाही. त्यामुळे कारखाना झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा.

साठवण कशी करावी?

हंगाम संपल्यावर उरलेली माती ओली ठेवू नये. पातळ पापड्या करून पूर्ण वाळवावी, कारण कोरड्या मातीवर बुरशी वाढत नाही. पुन्हा भिजवायची असेल तेव्हा अर्धवट ओल्या गोळ्यापेक्षा खडखडीत वाळलेले ढेकूळ पाण्यात लवकर विरघळते. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. गोदामांच्या या शहरात वापरलेली पॅलेट मिळणे अवघड नाही.

चालू कामाची ओली माती घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवावी, म्हणजे हवा कमी आणि बुरशीही कमी. विसर्जनानंतर गोळा केलेल्या मातीतून आधी निर्माल्य व रंगाचे थर काढावेत, नाहीतर ती लवकर सडते. बुरशी रोखण्यासाठी काही जण ब्लीच, तर काही जण व्हिनेगर घालतात. ही दोन द्रव्ये चुकूनही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

मग माती फेकायची कधी? तेल, रसायन किंवा सांडपाणी मिसळले असेल तेव्हा. पुराच्या पाण्यात बुडालेली मातीही वापरू नये. फक्त ठिपके आणि कुबट वास हे माती टाकून देण्याचे कारण नाही.