समजून घ्या : पपईच्या चिकातले एन्झाइम, सशाच्या पाठीवरची पट्टी आणि चाचणीतून सुटणारा धोका

कच्च्या पपईला काप दिला की पांढरा चीक ओघळतो. तो बोटांना लागून तसाच राहिला की आधी खाज सुटते, मग आग होते. जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यात पपईच्या बागेत राबणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. या चिकात पपेन नावाचे एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले विकर असते. त्याचे काम एकच, प्रथिनांचे तुकडे करणे. आपली त्वचाही प्रथिनांचीच बनलेली आहे.

हाच चीक वाळवून, शुद्ध करून त्याची पावडर होते. मांस मऊ करणे, बिअर गढूळ होऊ न देणे, पचनाची औषधे, कातडी कमावणे अशा अनेक कामांत ती वापरली जाते. अशी पावडर बाजारात आणताना ती त्वचेला किती त्रासदायक आहे, हे सांगावे लागते. ते ठरवण्याची जुनी पद्धत म्हणजे सशावरची चाचणी. ती कशी होते, तिला पर्याय काय आणि कारखान्यातल्या कामगाराला त्याचा किती उपयोग?

खानदेशचा याच्याशी काय संबंध?

जळगावच्या उद्योगाच्या इतिहासात पपेनला मानाचे स्थान आहे. १९७८ मध्ये भवरलाल जैन यांनी जळगावातला केळी पावडरचा एक आजारी कारखाना विकत घेतला आणि त्यात बदल करून पपेनचे उत्पादन सुरू केले. आज जैन इरिगेशन म्हटले की ठिबक आठवते, पण या समूहाच्या कारखानदारीची सुरुवात पपईच्या चिकापासून झाली.

चीक ते पावडर : त्वचेशी संबंध कुठे येतो?

पपेनसाठी कच्ची, साधारण ७० ते ९० दिवसांची फळे निवडतात. सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी फळावर उथळ उभे काप देतात आणि गळणारा चीक भांड्यात धरतात. लोखंडाचा संपर्क टाळतात, कारण त्याने चिकाचा रंग आणि ताकद दोन्ही बिघडतात. मग चीक कमी तापमानाला वाळवून दळतात.

म्हणजे संपर्काच्या दोन जागा झाल्या. बागेत ओला चीक हाताला लागतो. कारखान्यात दळताना, चाळताना, पोती भरताना कोरडी पावडर उडते. कोरडे एन्झाइम जवळजवळ निष्क्रिय असते. ओलावा मिळाला की ते कामाला लागते. जळगावच्या मे महिन्यात घामेजलेली मान, मनगट आणि हातमोज्याच्या आतली बोटे हा ओलावा आयताच पुरवतात.

सशावरची चाचणी कशी होते?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये ही पद्धत मांडली. आज ती ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिका क्रमांक ४०४ नुसार केली जाते.

• पांढऱ्या सशाच्या पाठीवरचे केस साधारण एक दिवस आधी कापतात. त्वचेला ओरखडा येऊ द्यायचा नसतो.
• अर्धा ग्रॅम पावडर थोड्या पाण्यात भिजवून सुमारे ६ चौरस सेंटिमीटर जागेवर ठेवतात, वर पट्टी बांधतात. पदार्थ द्रव असेल तर अर्धा मिलिलिटर.
• चार तासांनी पट्टी काढतात.
• पुढे १, २४, ४८ आणि ७२ तासांनी त्वचा तपासतात. लाली आणि सूज यांना ० ते ४ असे वेगवेगळे गुण देतात. खुणा राहिल्या तर १४ दिवसांपर्यंत पाहतात.
• २४, ४८ आणि ७२ तासांच्या गुणांची सरासरी तीनपैकी किमान दोन सशांत २.३ किंवा त्याहून जास्त आली, तर पदार्थ ‘त्वचेला दाहक’ ठरतो.

सुरुवात एकाच सशापासून करायची आणि गरज पडली तरच आणखी दोन घ्यायचे, असा नियम आहे. पदार्थाचा पीएच २ किंवा त्याहून कमी, अथवा ११.५ किंवा त्याहून जास्त असेल, तर तो त्वचा जाळणारच असे गृहीत धरून सशावर प्रयोग टाळता येतो. आधीची सगळी माहिती तपासा, प्राणी शेवटी, असे ही मार्गदर्शिकाच सांगते.

भारतात यावर कोणाचे नियंत्रण?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार प्राण्यांवर प्रयोग करण्यास बंदी नाही, पण प्रयोग टाळता येत असेल तर टाळावा, असे कायदा म्हणतो. देखरेखीसाठी केंद्र सरकारची समिती आहे. ती पूर्वी ‘सीपीसीएसईए’ म्हणून ओळखली जायची, आता ‘सीसीएसईए’ म्हणतात. प्रयोग करणाऱ्या संस्थेला तिच्याकडे नोंदणी करावी लागते. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते आणि त्या समितीत केंद्राने नेमलेला सदस्यही असतो. फार्मसी कॉलेज असो की मोठी प्रयोगशाळा, नियम सारखाच.

एक मोठा अपवाद सौंदर्यप्रसाधनांचा. २०१४ पासून भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास मनाई आहे, आणि परदेशात अशी चाचणी झालेली प्रसाधने आयात करण्यासही. त्यामुळे पपेन असलेल्या फेसवॉशची चाचणी सशावर करता येत नाही. तेच पपेन औद्योगिक कामासाठी विकले जात असेल, तर ही बंदी लागू होत नाही.

सशाचे उत्तर माणसाला लागू पडते का?

नेहमीच नाही. सशाची त्वचा माणसापेक्षा नाजूक असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सशांवर दाहक ठरलेली १६ रसायने माणसांच्या त्वचेवर चार तास लावून पाहिली. त्यातली फक्त ५ माणसांना ठळकपणे दाहक ठरली.

दुसरी अडचण उलट्या बाजूची आहे. चाचणी अखंड त्वचेवर, एकदाच, चार तास होते. बागेतल्या मजुराच्या बोटांना काप आणि चिरा असतात आणि संपर्क हंगामभर रोजचा असतो.

सशाशिवाय पर्याय काय?

शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या मानवी त्वचेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्वचेचा बाह्य थर तयार करता येतो. ओईसीडीने २०१० मध्ये मार्गदर्शिका क्रमांक ४३९ द्वारे या पद्धतीला मान्यता दिली. या थरावर पदार्थ ठरावीक मिनिटे ठेवून धुतात, साधारण ४२ तास थांबतात आणि मग एक रंगद्रव्य देतात. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात. जिवंत पेशींचे प्रमाण ५० टक्के किंवा त्याहून खाली आले, तर पदार्थ दाहक मानला जातो.

अडचण अशी की ही ऊती ताजी असावी लागते आणि ठरावीक दिवसांत वापरावी लागते. तरी निर्यातदारांना या पद्धतीकडे दुर्लक्ष करता येणार नाही. युरोपीय संघाने २०१६ मध्ये नियम बदलून त्वचेच्या दाहासाठी प्राण्यांविनाच्या चाचण्या आधी आणि सशावरची चाचणी अपवाद, असा क्रम लावला.

मग खरा धोका कुठे?

फुफ्फुसात. त्वचेची चाचणी, सशावरची असो वा कृत्रिम त्वचेवरची, हे सांगूच शकत नाही.

पपेनचा रेणू साधारण २३ हजार डाल्टनचा असतो. धडधाकट त्वचेतून ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू सहसा आत जात नाहीत. श्वासातून मात्र पावडर थेट आत पोहोचते. शरीर तिला परके प्रथिन मानून तिच्याविरुद्ध तयारी करते. पुढच्या वेळी थोडी पावडरही शिंका, खोकला किंवा दम्याचा झटका आणू शकते.

जगाला हे १९६९ मध्ये ठळकपणे कळले. ब्रिटनमधल्या डिटर्जंट कारखान्यातील कामगारांना एन्झाइमच्या धुळीमुळे श्वसनाचे विकार झाल्याचे तेव्हा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर कंपन्यांनी एन्झाइमच्या कणांवर आवरण चढवायला सुरुवात केली. डिटर्जंटमधल्या सबटिलिसिन या एन्झाइमसाठी हवेतली शिफारस केलेली कमाल मर्यादा घनमीटरमागे ६० नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या ६० पट इतकी सूक्ष्म आहे. श्वसनाची ॲलर्जी आधीच ओळखणारी ओईसीडीची स्वतंत्र चाचणी अजून नाही.

उघड्या जखमेचाही धोका वेगळा. पपेनयुक्त मलमांमुळे गंभीर ॲलर्जीच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये अशी विनापरवाना उत्पादने थांबवण्याचे आदेश दिले.

कामगाराने काय पाहावे?

प्रत्येक रसायनासोबत ‘सेफ्टी डेटा शीट’ येते. ती मागून घ्या आणि हे संकेत शोधा :

• एच ३१५ : त्वचेला दाह
• एच ३१९ : डोळ्यांना गंभीर दाह
• एच ३३४ : श्वासातून गेल्यास ॲलर्जी, दमा
• एच ३३५ : श्वसनमार्गाला दाह

युरोपीय वर्गीकरणात पपेनला हे चारही लागू आहेत. त्यातला एच ३३४ सर्वांत महत्त्वाचा.

• सांडलेली पावडर झाडूने किंवा हवेच्या झोताने उडवू नका. ओल्या फडक्याने टिपा किंवा फिल्टर असलेला व्हॅक्यूम वापरा.
• रुमाल बांधणे म्हणजे मास्क नव्हे. धूळ अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा.
• हातमोजे आतून ओले झाले की बदला. चीक किंवा पावडर लागल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवा.
• कामाच्या दिवशी खोकला, छातीत घरघर आणि सुटीच्या दिवशी आराम असे होत असेल, तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप आवर्जून सांगा.

थोडक्यात

सशाच्या पाठीवरची लाली एका प्रश्नाचे अर्धे उत्तर देते, आणि ते उत्तर आता सशाशिवायही मिळू शकते. पपेनच्या पोत्यावर ‘त्वचेला सुरक्षित’ असे कोणी लिहिले, तरी दुसरा प्रश्न विचारायलाच हवा : हवेत किती उडते?