हलक्या गाडीचे गतिरोधक

जबलपूरच्या पूर्वेकडील रांझी या उपनगराचा दिवस कारखान्यांच्या पाळ्यांप्रमाणे चालत आला आहे. या परिसरात १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि १९६९ साली सैन्यासाठी मोटारी बनविणारी व्हेइकल फॅक्टरी स्थापन झाली. ‘शक्तिमान’ मालमोटारी आणि निस्सानच्या आराखड्यावरील ‘जोंगा’ ही दणकट गाडी यांमुळे तिचे नाव देशभर झाले. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या नावातील इंग्रजी अक्षरे जुळवून ‘जोंगा’ हा शब्द तयार झाला. शक्तिमानचे उत्पादन १९९६ साली आणि जोंगाचे १९९९ साली थांबले. १९४७ साली सुरू झालेले जबलपूरचे अभियांत्रिकी महाविद्यालयही रांझीलगतच, गोकलपूर येथे आहे. अशा वस्तीत एखाद्या तरुणाला स्वतःच्या हातांनी लहानशी मोटार बांधावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. मात्र जड गाड्यांच्या सहवासात मुरलेली एक समजूत त्याने प्रथम दूर ठेवली पाहिजे. गतिरोधक, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील ब्रेक, जितके मोठे तितके चांगले, ही ती समजूत होय.

हलकी, सुट्या भागांतून घरी जुळविता येणारी मोटार ही कल्पना विशेष रुजली ती इंग्लंडमध्ये. कॉलिन चॅपमन यांची ‘लोटस सेव्हन’ १९५७ साली आली. सुट्या भागांच्या स्वरूपात विकलेल्या गाडीवर तेथे खरेदी-कर पडत नसे. त्यामुळे हौशी माणसांना ती परवडत असे. महाराष्ट्रात अलिबागजवळच्या कार्लेखिंड येथे ‘चिंकारा’ या नावाने त्याच घाटाची उघडी, हलकी गाडी तयार झाली. भारतातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी तर ‘बाहा’ या स्पर्धेसाठी एका माणसाची, नळ्यांच्या सांगाड्याची गाडी दरवर्षी बांधतात. मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे ही स्पर्धा अनेक वर्षे भरली. गाडीचे गतिरोधक चारही चाके जखडू शकतात, हे सिद्ध केल्यावाचून तेथे पुढील फेऱ्यांत उतरता येत नाही.

गतिरोधकाचे काम गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करण्याचे असते. चालकासह ६०० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदास २० मीटर या वेगाने जात असेल, तर तिच्यात १,२०,००० जूल ऊर्जा असते. चार चाकांवरील लोखंडी तबकड्यांचे एकूण वजन १६ किलोग्रॅम धरले, तर एकदा थांबताना त्यांचे तापमान सरासरी सोळा-सतरा अंशांनीच वाढते. यावरून हलक्या गाडीला उष्णतेचे भय बेताचेच असते, हे ध्यानात येईल. दुप्पट वेगाला ऊर्जा चौपट होते हे खरे; तरीही जड मोटारीच्या अवजड तबकड्या अशा गाडीला लावून लाभ थोडा आणि चाकांवरील निरुपयोगी भार मात्र मोठा, असे घडते. शर्यतीसाठी बनविलेले कठीण पॅडही याच कारणाने टाळावेत. ते चांगले तापल्यावरच नीट पकड घेतात, आणि हलक्या गाडीत ते तापण्यापूर्वीच गाडी थांबलेली असते किंवा थांबायची राहून गेलेली असते.

खरा प्रश्न पुढील आणि मागील चाकांत रोधनशक्तीची वाटणी कशी करावी, हा आहे. गाडी थांबू लागताच तिचा भार पुढे झुकतो. वरील ६०० किलोग्रॅमची गाडी घेऊ. उभी असताना तिचा निम्मा भार पुढे व निम्मा मागे आहे. दोन आसांतील अंतर २.२ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.४५ मीटर आहे. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गुरुत्वत्वरणाच्या आठ-दशांश इतक्या जोराने ती थांबविली, तर सुमारे ९८ किलोग्रॅम भार मागून पुढे सरकतो. पुढील चाकांवर ३९८ आणि मागील चाकांवर २०२ किलोग्रॅम भार येतो. म्हणजे प्रमाण ६६ ला ३४ होते. ओल्या, निसरड्या रस्त्यावर मात्र तीन-दशांश इतकाच जोर साधत असेल, तर केवळ ३७ किलोग्रॅम भार सरकतो आणि प्रमाण ५६ ला ४४ राहते.

याचा अर्थ असा, की कोणतीही कायमची वाटणी एकाच परिस्थितीत अचूक ठरते. मग चूक कोणत्या बाजूला झालेली चालेल, हे ठरविणे भाग आहे. पुढील चाके आधी जखडली, तर सुकाणू निकामी होते; पण गाडी सरळ रेषेत घसरत जाते आणि पाय थोडा सैल करताच पुन्हा ताब्यात येते. मागील चाके आधी जखडली, तर त्यांचा बाजूचा आधार सुटतो, गाडीची शेपटी पुढे येऊ पाहते आणि क्षणार्धात गाडी उलट्या तोंडाने फिरते. म्हणून पुढील चाके नेहमी आधी जखडली पाहिजेत, हा नियम अनुल्लंघनीय मानला जातो.

येथेच घरगुती बांधणी करणारा अनेकदा फसतो. तो धुळीच्या किंवा ओल्या मैदानावर चाचणी घेतो, आणि तेथे पुढील चाके लवकर जखडतात असे पाहून मागील गतिरोधकांचा जोर वाढवितो. ५६ ला ४४ अशी तेथे साधलेली वाटणी कोरड्या डांबरी रस्त्यावर घातक ठरते, कारण जोराने थांबताना मागे ३४ टक्केच भार उरलेला असतो. निर्णायक चाचणी कोरड्या व उत्तम पकडीच्या बंदिस्त जागेवर घ्यावी. वेग प्रथम कमी ठेवून टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि कोणते चाक आधी थांबते, हे बाहेरील माणसाने पाहावे. गाडीत एकटा चालक असावा. कारण हलक्या गाडीत सत्तर किलोग्रॅमचा सोबती हा एकूण वजनाचा नववा हिस्सा असतो, आणि आसने मागील आसाजवळ असली, तर त्याच्या भाराने मागील चाकांचा दोष झाकला जातो.

एकाच मोडक्या गाडीचे सर्व गतिरोधक उचलून बसविणे सोयीचे असते. परंतु त्यांची वाटणी त्या गाडीच्या भाराला अनुसरून केलेली असते. पुढे इंजिन असलेल्या गाडीचे गतिरोधक मागे इंजिन असलेल्या बांधणीत आणले, तर मागील चाके आळशी राहतात. उलटपक्षी, केवळ शोभेसाठी मागे मोठ्या तबकड्या बसविणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. पुढे तबकड्या आणि मागे लहान ढोल ही साधी रचना पुष्कळ हलक्या गाड्यांना पुरते. ढोलात हातब्रेकची यांत्रिक जोडणीही सहज होते.

पेडलचे गणितही सोपे आहे. पायाचा ३० किलोग्रॅमचा दाब पाचपट तरफेतून गेला, की १५० होतो. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर असेल, तर ब्रेक ऑईलवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४८ किलोग्रॅम दाब येतो. व्यास १६ मिलिमीटर केला, तर दाब दीडपटीहून थोडा अधिक होतो. मात्र पेडलही तितकेच अधिक खाली जाते. निर्वात साहाय्यक काढून टाकणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. नळ्यांचे दोन स्वतंत्र मार्ग असावेत. एक फुटला तरी दुसऱ्याने गाडी थांबली पाहिजे. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे.

अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणे ही वेगळी बाब आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. नव्या नमुन्याला पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते. हे बंधन जाचक वाटले, तरी त्यामागील हिशेब उघड आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आठ-दशांश जोराने थांबली, तर साधारण २६ मीटर अंतर घेते. जोर पाच-दशांशावर उतरला, तर ४१ मीटर. मधल्या पंधरा मीटरांत एखादे मूल रस्ता ओलांडत असू शकते.