अभ्यासिकेच्या दाराला मुंग्या का येत होत्या?



आपल्या देणग्यांतून वडीगोद्रीजवळच्या वस्तीवरील अभ्यासिकेत सोलरचे दिवे लागले. पण पहिल्याच पावसात लोखंडी दाराला हात लावला की मुलांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. एका आजींनी मला तोंडावर सांगितले, "दादा, त्या खोलीत मी पोरं नाही धाडायची." त्यांचे बरोबर होते.

मी धर्मशास्त्राची पदविका घेतलेला माणूस, वायरमन नव्हे. एका जाणत्या वायरमनजवळ दोन दिवस बसून जे समजले ते सांगतो.

अर्थिंगची सळई होती, पण जेमतेम दीड फूट. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईला सोडून देते. आता 2.5 मीटरचा जीआय पाइप कोळसा-मीठ घालून पुरला आहे. मात्र पाइप पुरला म्हणजे झाले, हाही गैरसमजच. मातीचा रोध 10 ओहम धरला, तर 230 व्होल्टला फार तर 23 ॲम्पियर वाहतील. 32 ॲम्पियरचा एमसीबी त्याने पडणार नाही. म्हणून 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी हवा.

तो आमच्याकडे होता! त्याचे टेस्ट बटण दाबले की पडायचाही. खरी गोम इथेच होती. ते बटण आरसीसीबीच्या आतल्या आतच गळती घडवते. अर्थिंग आहे की नाही, हे त्याला कळत नाही. वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. आमच्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल कुठेच जोडलेला नव्हता. दाराच्या चौकटीखाली फेजची वायर चेपली होती, पण गळलेल्या विजेला परतीची धड वाट नव्हती. म्हणून नुसत्या मुंग्या यायच्या आणि आरसीसीबी गप्प बसायचा. उद्या न्यूट्रलची वायर ओल्या भिंतीला टेकली असती, तर वाट पुरी झाली असती, मुलांच्या अंगातून. आणि आरसीसीबी तेव्हाही पडला नसता, कारण जाणारी आणि येणारी वीज त्याला सारखीच दिसली असती.

उपाय छोटा: आरसीसीबीच्या आधी, एकाच ठिकाणी, न्यूट्रल अर्थला जोडणे. पण काही इन्व्हर्टरना हे चालत नाही, जळतात. आधी कंपनीला विचारावे. नंतर वायरमनने फेज आणि अर्थ यांमध्ये बल्ब लावून पाहिला, आरसीसीबी क्षणात पडला. (हे घरी कोणी करू नये.)

डीसी बाजूला एसीचेच एमसीबी लावले होते, तेही बदलले. एसी सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीची विझत नाही. पॅनेलची चौकट, इन्व्हर्टर आणि दार आता एकाच अर्थपट्टीला जोडले आहे.

या खर्चाचा पहिल्या अंदाजपत्रकात उल्लेखच नव्हता, ही चूक माझी. पॅनेलचा फोटो छान येतो, पुरलेल्या पाइपचा येत नाही.

उन्हाळ्यात दर आठवड्याला खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचे काम आठवीच्या मुलांनी घेतले आहे. आजींची दोन नातवंडे येऊ लागली. धाकटीचे बघू म्हणतात.